घरगुती बनावटीचं पिस्तूल

मी फक्त "त्यात काय एवढं!" असं म्हणालो. माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं याच तीन शब्दांनी सुरू झाली आहेत. (लग्नाचं वेगळं. तिथे मी नुसतं "बरं" म्हणालो होतो.)

झालं असं, की आमच्या कॉलनीच्या नाटकात यंदा बायकोला इन्स्पेक्टरची भूमिका मिळाली. अकरा वर्षं ती नाटकात काम करते आहे. या अकरा वर्षांत तिने सात वेळा शेजारीण केली, तीनदा नर्स केली आणि एकदा पडद्यामागून रडली. कारण एकच, तिची उंची. उंचीबद्दलचं पुढचं वाक्य मी लिहिणार नाही, मला याच घरात राहायचं आहे. पण नाटक बसवणाऱ्या वाचनालयाच्या बाईंनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "रुबाब दिसला पाहिजे. स्टेजवर तू एवढीशी दिसलीस की संपलं सगळं. पुढच्या वर्षी परत शेजारीण!"

तेव्हापासून बायको घरात रुबाबाची प्रॅक्टिस करत होती. दूध उतू जायला लागलं तरी गॅस बंद करण्याआधी ती त्याच्याकडे एक जळजळीत नजर टाकायची. मलाही नाटकात घेतलं होतं, हवालदार म्हणून. मला एकच वाक्य होतं, "होय मॅडम." प्रॅक्टिसची गरज नाही, असं वाचनालयाच्या बाई म्हणाल्या.

अडलं होतं ते पिस्तुलापाशी. शेवटच्या प्रवेशात इन्स्पेक्टर एक गोळी झाडते, ती दरोडेखोराच्या मागे टांगलेल्या पत्र्याच्या ट्रेवर टण्णकन आपटते आणि दरोडेखोर शरण येतो. दुकानात जी पिस्तुलं मिळाली ती हिरवी होती आणि चाप ओढला की गाणं म्हणायची. टेपवर आवाज वाजवायला बाई तयार नव्हत्या, कारण मागच्या वर्षी नायकाने प्राण सोडताना टेपवर कोंबडा आरवला होता.

"हुबेहूब दिसणारं, प्लॅस्टिकची गोळी मारणारं खेळण्यातलं पिस्तूल हवंय," बायको म्हणाली. "कुठे मिळणार आता नऊ दिवसांत?"

"त्यात काय एवढं!" मी म्हणालो. "घरी बनवू."

"कोण?"

"मी."

तिने फक्त माळ्याकडे पाहिलं.

माळ्यावर सासरेबुवांनी लग्नात दिलेली हत्यारांची पेटी होती. सासरेबुवा पक्के सुतार. त्यांनी जावयाला अंगठी न देता करवत, रंधा, कानस, छिन्नी, गिरमिट असं सगळं स्वतःच्या हाताने धार लावून दिलं होतं. सतरा वर्षांत ती पेटी मी एकदाच उघडली होती, आत काय आहे ते बघायला.

मी मात्र कामाला अगदी पद्धतशीर लागलो. मी आवक-जावक विभागातला कारकून आहे. आमच्याकडे कागदाशिवाय पान हलत नाही. एका मासिकात लाकडी खेळण्यांचे नकाशे येतात, त्यात मला हवं तसं पिस्तूल सापडलं. खऱ्या मापाचा नकाशा, प्रत्येक भाग सुटा दाखवलेला, आत स्प्रिंग, स्प्रिंगपुढे नळी. मासिक कापायचं जिवावर आलं म्हणून ऑफिसच्या मशीनवर एक झेरॉक्स काढली आणि घरी आणली.

इथे आमच्या मशीनबद्दल सांगायला हवं. आमच्या साहेबांची नजर अधू आहे. नेहमीच्या आकाराचा कागद समोर ठेवला की ते म्हणतात, "हे काय, मुंग्या?" म्हणून अकरा वर्षांपूर्वी मीच त्या मशीनचं बटण 'मोठं करा' वर नेऊन वरून सेलोटेपने चिकटवून टाकलं. साहेबांनी तेव्हा माझी पाठ थोपटली होती. म्हणजे थोपटली शिपायाची, पण ती मला उद्देशून होती.

असो. तर मी नकाशा लाकडावर चिकटवला आणि कापायला बसलो.

जुन्या पुस्तकांच्या कपाटाची फळी होती, चांगली जाड. पहिल्या संध्याकाळी मी ती कापली. दुसऱ्या संध्याकाळी फळीखालचा स्टूलही कापला गेल्याचं लक्षात आलं. तिसऱ्या दिवशी कानस, चौथ्या दिवशी बोटाला पट्टी. लाकडाचा भुसा चहात, उशीवर, बायकोच्या इन्स्पेक्टरच्या टोपीत. पण काय सांगू, लाकडातून मूठ हळूहळू आकाराला यायला लागली तेव्हा मला जो आनंद झाला तो मला उभ्या नोकरीत झाला नव्हता. मी प्रत्येक भाग नकाशावर ठेवून पट्टीने मोजत होतो. एक केसाचाही फरक नाही! एकोणीस वर्षं ज्याने पत्राला पत्र जोडून पाठवलं त्याच्या हातून मापात चूक होईल कशी?

पाचव्या दिवशी सासरेबुवा आले. हात मागे बांधून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"माप घेतलंत, जावईबापू?"

"तीन वेळा!"

"कशावरून?"

"नकाशावरून. हा बघा."

त्यांनी नकाशा पाहिला, मूठ हातात घेतली. त्यांचे हात म्हणजे फावडी. मूठ त्यांच्या हातात चपखल बसली. मला तर आनंदाने गहिवरून आलं.

"कुणासाठी आहे?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याच मुलीसाठी."

"हं," ते म्हणाले, आणि चहा न घेताच गेले. मला वाटलं, त्यांनाही गहिवरून आलं.

स्प्रिंगने मात्र घाम काढला. नकाशातल्या लांबीची स्प्रिंग खेळण्यांच्या दुकानात मिळेना. दुकानदार म्हणाला, "एवढी स्प्रिंग खेळण्यात नसते हो, सोफ्यात असते." माणसाने यावरून काहीतरी बोध घ्यायला हवा होता. मी स्वयंपाकघराच्या दाराची स्प्रिंग काढली. (ते दार तेव्हापासून आपलं आपण बंद होत नाही. त्याला सांगावं लागतं.) नळी नकाशाबरहुकूम आणली तर प्लॅस्टिकची गोळी आत टिकेचना. मागून घातली की पुढून घरंगळत बाहेर! शेवटी ऑफिसातला डिंक आणून मी गोळीला एक थेंब लावला. सरकारी डिंकाने आजवर काहीच चिकटलेलं मी पाहिलं नव्हतं, त्यामुळे तो बेताचाच धरेल असा माझा हिशेब होता.

मग काळा रंग, त्यावर पॉलिश. पिस्तूल तयार! मी ते पिशवीत बांधून ठेवलं आणि बायकोला सांगितलं, "रंगीत तालमीत दाखवणार. तोवर हात लावायचा नाही."

रंगीत तालीम ठरलीच नाही, कारण हॉल मिळाला नाही. म्हणून पिस्तूल बायकोच्या हातात पडलं ते थेट नाटकाच्या संध्याकाळी, शेवटच्या प्रवेशाच्या तोंडावर, विंगेत.

तिने पिशवी सोडली. आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"अहो, हे काय आहे?"

"पिस्तूल."

"हे हत्तीवरून मारायचं असतं का?"

तिने ते उचललं. एका हाताने उचललं, ते खाली गेलं. दोन्ही हातांनी धरलं, तर तिचं बोट चापापासून दोन इंच लांब राहिलं. इन्स्पेक्टरच्या कडक गणवेशात, छातीशी ते धूड धरून उभी असलेली बायको मला एकदम सहावीतल्या मुलीएवढी दिसायला लागली. आणि त्याच क्षणी माझ्या डोळ्यांसमोर ते मशीन आलं, ते बटण आलं, आणि त्यावरचा माझ्याच हाताने लावलेला सेलोटेप आला.

"दीडपट," मी पुटपुटलो. "सगळं दीडपट झालंय गं."

तिचे डोळे भरून आले. "अकरा वर्षं," एवढंच ती म्हणाली. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. ओरडली असती तर परवडलं असतं. पण तिची एन्ट्री आली होती, तिने डोळे पुसले, टोपी सरळ केली, पिस्तूल काखोटीला मारलं आणि ती स्टेजवर गेली. मागोमाग मी, मिशा चिकटवलेला हवालदार.

प्रेक्षकांनी आधी माना पुढे काढून पाहिलं. मग कुणीतरी खुदकन हसलं. मग मागच्या रांगेतून मोठा हशा आला. विंगेत वाचनालयाच्या बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. दरोडेखोराचं काम करणारे दाताचे डॉक्टर 'मी काय करू?' अशा चेहऱ्याने उभे.

बायको मधोमध येऊन थांबली. तिने प्रेक्षकांकडे पाहिलं. ती उतू जाणाऱ्या दुधावर टाकायची ती नजर! हशा जागच्या जागी थिजला. मग तिने मान न वळवता हात मागे केला.

"हवालदार, धरा!"

हे नाटकात नव्हतं. मी पुढे झालो, ते धूड खांद्यावर घेतलं आणि वाकून उभा राहिलो.

"होय मॅडम."

"थोडं डावीकडे. आणखी. श्वास घेऊ नका." तिने डॉक्टरांवर नेम धरला, म्हणजे मला धरून नेम धरला. "चोरा, या पिस्तुलाला दोन माणसं लागतात. तुला एकच गोळी पुरेल!" आणि तिने दोन्ही हातांनी चाप ओढला.

स्प्रिंग सुटली ती आधी माझ्या कानात सुटली. सरकारी डिंकाने नेमकं त्याच दिवशी धरायचं ठरवलं होतं. गोळी सावकाश नळीच्या तोंडाशी आली, जरा थांबली आणि टप्पकन डॉक्टरांच्या पायाशी पडली.

डॉक्टरांनी गोळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, मी शरण येतो," ते हात वर करून म्हणाले. "पण दुसरी मारू नका. हवालदार म्हातारे आहेत."

टाळ्या म्हणजे काय टाळ्या! पडदा दोनदा वर घ्यावा लागला. सासरेबुवा पहिल्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्यांत बायको अशी काही उभी होती, की तिच्यामागे मी, डॉक्टर आणि ते पिस्तूल, कुणीच दिसत नव्हतं. मला तिचा इतका अभिमान वाटला, की मिशीचा एक कोपरा गळून पडला. बाईंनी तिथेच जाहीर केलं, "पुढच्या वर्षी नायिका हीच!"

नंतर चहाच्या वेळी प्रमुख पाहुणे कलाकारांना भेटायला आले. प्रमुख पाहुणे म्हणजे आमचेच साहेब. (मी नाटकात आहे हे ऑफिसात बोललो नव्हतो. हवालदार होऊन बढती मिळत नाही.) ते चष्मा सावरत थेट पिस्तुलापाशी आले.

"वा! इतक्या वर्षांत नाटकातली एक तरी वस्तू मला नीट दिसली. कुणी बनवलं हे?"

"आमच्या या हवालदारांनी," बायको गोड हसून म्हणाली. "घरी, साध्या हत्यारांनी."

साहेबांनी माझा हात हातात घेतला. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. गणवेश, अर्धी मिशी, त्यात त्यांची ती नजर.

"शाबास! कसब आहे तुमच्या हातात. नाहीतर आमच्या ऑफिसात एक कारकून आहे, आवक-जावकचा. एकोणीस वर्षं झाली, त्याला साधी झेरॉक्स धड काढता येत नाही. घरचं पत्र दिलं तरी चादरीएवढं मोठं करून आणतो. त्याला चार दिवस तुमच्या हाताखाली पाठवू का?"

"पाठवा की साहेब," बायको म्हणाली. "चालेल ना हो, हवालदार?"

माझ्याकडे त्या संध्याकाळचं एकच पाठ केलेलं वाक्य होतं.

"होय मॅडम," मी म्हणालो.