मऊ पडलेल्या ब्रेकचं प्रकरण

जगात गुप्तहेर पुष्कळ आहेत, पण ते सगळे पगारी. फुकट संशय घेणारा आणि कुणी बोलावलं नसताना घटनास्थळी हजर होणारा आमच्या गल्लीत मी एकटाच. दिवसा मी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासतो. ज्यांना दिसत नाही त्यांना दिसायला लावणं हा माझा धंदा, आणि जे कुणालाच दिसत नाही ते बघणं हा माझा स्वभाव. नजर घारीची, नाक तरतरीत आणि डोक्यावर बारा महिने कानटोपी. ती वेषांतरासाठी आहे. घातली की मला कुणी ओळखत नाही. "अहो कानटोपी, दूध घेऊन या," असं गवळी सोडून सगळी गल्ली म्हणते, तो भाग वेगळा.

माझा सहायक म्हणजे माझा मेहुणा. टपाल कचेरीत शिक्के मारतो. सांगितलं तेवढंच करायचं, केसभर जास्त नाही की कमी नाही, हा त्याचा मोठा गुण. विचार करणारा सहायक मला परवडला नसता.

त्या रविवारी सकाळी बायको गाडी काढायला गेली आणि लगेच परत आली.

"अहो, ब्रेक मऊ लागतोय. पेडल खाली जातंय ते जातंच आहे."

बायको पडदे शिवते. आजवर खिडक्यांचे आणि दारांचे शिवले, पण या वेळी पहिल्यांदाच तिला नाट्यगृहाचा मुख्य पडदा मिळाला होता. नव्या नाटकाचा पहिला प्रयोग त्याच संध्याकाळी. नाट्यगृह उताराच्या तळाशी, आणि आमचा उतार असा की हातातून सुटलेलं लिंबू थेट तिकीटखिडकीवर जाऊन उभं राहील. पडदा वेळेवर आला नाही तर जुनाच लावू आणि यापुढे दुसरा शिंपी बघू, असं व्यवस्थापकाने स्वच्छ सांगितलं होतं.

"आज पडदा पोचला नाही ना, तर मी जन्मभर उशांचे अभ्रे शिवत बसेन," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. मी कानटोपी खाली ओढली.

"ही केस मी घेतली."

"केस घेऊ नका. गॅरेजवाल्याला फोन लावा."

गॅरेजवाला भाचीच्या लग्नात होता. मागे सनई, पुढे तो ओरडतोय. बायकोने फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"वहिनी, बॉनेट उघडा. ब्रेक ऑइलची डबी बघा. रंग कसाय?"

"काळपट."

"शेवटचं कधी बदललंत?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्यानंतर दोन वेळा घराला रंग देऊन झाला होता.

"मग झालं की! ते हवेतला ओलावा ओढतं. दोनेक वर्षांनी बदलायचंच असतं. घरीही जमेल. झाकणावर लिहिलंय त्याच प्रकारची सीलबंद बाटली आणा. गाडी जॅकवर चढवून खाली स्टँड लावा. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकामागचा निपल, म्हणजे ऑइल सोडायचा छोटा स्क्रू, सैल करायचा, जुनं ऑइल नळीतून बाटलीत घ्यायचं, निपल घट्ट करायचा आणि मगच पेडल सोडायचं. आधी सोडलं तर आत हवा शिरते! लांबच्या चाकापासून सुरू करा, डबी रिकामी पडू देऊ नका. चला, अक्षता आल्या."

इतकं सरळ उत्तर ऐकून माझा संशय बळावला. मी डबीत डोकावलो, वास घेतला, डोळे मिटले.

"कॉफी," मी म्हणालो. "कुणीतरी ब्रेक ऑइल चोरून आत कोरी कॉफी ओतली आहे. या गल्लीत कोरी कॉफी कोण पितं?"

"शेजारचे डॉक्टर," एव्हाना येऊन उभा राहिलेला मेहुणा म्हणाला.

शेजारचे डॉक्टर म्हणजे दातांचे, निवृत्त. समोरच्या ओट्यावर कप घेऊन बसले होते. गुन्हेगार गुन्ह्याच्या जागेकडे बघत बसतो, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. मी पुरावा म्हणून थोडं ऑइल मडगार्डवर सांडलं आणि भिंगातून निरखलं. बघता बघता मडगार्डचा रंग सुटायला लागला.

"ॲसिड! दातांवरचं ॲसिड!"

"अहो, ब्रेक ऑइलने रंग जातोच," बायको बादली घेऊन धावली. "पाणी ओता आधी! आणि कामाला लागा. मला अजून पडद्याच्या वरच्या पट्टीत कड्या ठोकायच्या आहेत." ती वर गेली. तिच्या कामाच्या खोलीची खिडकी बरोबर गाडीच्या वर आहे. ही गोष्ट मी टिपून ठेवली आणि बिनमहत्त्वाची ठरवली.

मेहुण्याने तीन सीलबंद बाटल्या आणल्या आणि आम्ही गाडी स्टँडवर चढवली. मोहीम गुप्त ठेवणं भाग होतं, कारण डॉक्टर ऐकत होते. म्हणून मी तोंडी हुकूम बंद केले. गाडीच्या काचा वर केल्या आणि मेहुण्याला सांकेतिक भाषा शिकवली. मी पान्याने चाकाच्या मागे ठोकणार. एक ठोका म्हणजे दाब. दोन ठोके म्हणजे सोड.

"आणि कुणी काही विचारलं तर?"

"ठोक्याशिवाय काही ऐकायचं नाही."

"बरं, भावोजी."

मी खाली सरपटलो. नळी लावली, एक ठोका दिला, निपल सैल केला. काळं ऑइल भळभळा आलं. अर्ध्यातच ते थांबलं आणि नळीतलं ऑइल गपकन उलटं आत गेलं. मी निपल आवळला, पुन्हा ठोका दिला, पुन्हा तेच. चारही चाकं केली, डबीत नवं ऑइल भरत राहिलो, बाटली संपली. मग पेडल दाबून बघितलं. आधी ते मऊ होतं. आता ते तळाला जाऊन झोपलं.

"आत हवा भरली आहे," मी म्हणालो. "पण हवा आपोआप येत नाही. कुणीतरी भरतंय. पंप कुणाकडे आहे?"

ओट्यावर डॉक्टर सायकलच्या चाकात हवा भरत होते.

मी रस्ता ओलांडला आणि पंप जप्त केला.

"अहो, मला भाजी आणायला जायचंय," ते म्हणाले.

"चौकशी संपेपर्यंत गल्ली सोडायची नाही."

"मग भाजी तुम्ही आणून द्याल का?"

अट्टल माणूस. मी पंप कुलपात टाकला, दुसरी बाटली उघडली आणि पुन्हा खाली गेलो. पंप कुलपात असूनही ऑइल उलटं जातच होतं. म्हणजे डॉक्टरांचा साथीदार होता! मांजर? मांजर सकाळपासून गाडीखाली होतं आणि माझ्या नजरेला नजर देत नव्हतं. ऊन कलायला लागलं. शेवटची एकच बाटली उरली होती आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली. गुप्तहेर म्हणून नव्हे, नवरा म्हणून. हिचा पडदा माझ्यामुळे घरात पडून राहणार होता.

तेवढ्यात कुणीतरी माझे पाय धरून मला बाहेर ओढलं. बायको! एका हातात हातोडी. तिने दुसऱ्या हाताने माझी कानटोपी उपटली. सकाळपासून पहिल्यांदाच मला गल्लीचा आवाज ऐकू आला.

"बघा गंमत," ती म्हणाली आणि हातोडीने कुंपणाच्या लोखंडी फाटकावर एक ठोका दिला.

गाडीत मेहुण्याचा पाय खाली गेला.

तिने दोन ठोके दिले. पाय वर आला.

"एक कडी बसवायला दोन ठोके लागतात," ती म्हणाली. "मी वरून बघतेय. मी ठक-ठक केलं की हा पाय उचलतोय. तुम्ही खाली निपल उघडा ठेवून बसलाय आणि कानात लोकर!"

मी मेहुण्याची काच खाली करायला लावली. "अरे, ठोके वरून येतायत हे तुला कळलं नाही?"

"कळलं ना," तो म्हणाला. "पण कुठून आलेले ऐकायचे ते तुम्ही सांगितलं नव्हतं."

पुढचं काम तिने हातात घेतलं. ती उभी राहून खणखणीत ओरडत होती: "दाब! धर! घट्ट केलात का हो? आता सोड!" अख्ख्या गल्लीने ऐकलं. डॉक्टर डबीतल्या ऑइलवर लक्ष ठेवून कमी झालं की ओतत होते, अगदी दाताचा खड्डा भरावा तसे जपून. नळीतून आधी बुडबुडे आले, मग मधासारखं स्वच्छ ऑइल. पेडल दगडासारखं टणक झालं. जुनं ऑइल तिने गटारात टाकू दिलं नाही. बाटलीत भरून गॅरेजवाल्यासाठी ठेवलं. सपाट रस्त्यावर गाडी मागेपुढे करून, पुन्हा पुन्हा थांबवून बघितली आणि मगच पडदा मागे ठेवला.

उतारावर गाडी तिने चालवली. मी शेजारी बसून दोन्ही पाय जमिनीत रोवले होते.

"पाय उचला," ती म्हणाली. "ब्रेक माझ्याकडे आहे."

तिकीटखिडकीसमोर गाडी लोण्यासारखी थांबली. व्यवस्थापक दारातच उभा होता. त्याने पडद्याची कड बोटांनी चाचपली आणि म्हणाला, "बाई, पुढच्या नाटकाचाही तुम्हीच शिवा." बायकोने माझा हात दाबला. त्याला ऑइलचा वास येत होता.

आम्ही सगळे, मेहुणा धरून, मागच्या रांगेत बसलो. डॉक्टरांना मी तिकीट काढून दिलं, पंप परत केला आणि भाजीही आणून दिली होती. वर कड्यांची रांग चमकत होती. दिवसभर मला ऐकू न आलेल्या ज्या आवाजापायी मी गल्लीभर संशय घेत फिरलो, तो सगळा तिथे ओळीने टांगलेला होता आणि माझ्या बायकोचा होता. मी पुन्हा चढवलेली कानटोपी काढून खिशात घातली.

दिवे मंदावले. पडद्यामागे कुणीतरी नेपथ्याला शेवटचा खिळा मारला. ठक-ठक.

पडदा सुरेख उघडला. माझ्या शेजारी अंधारात एक पाय वर आला.

"सोडलं, भावोजी," मेहुणा कुजबुजला.