ब्रेकशूंचा बंदोबस्त आणि ताईसाहेबांचे आगमन

ज्याच्या कृपेवाचून चाक फिरत नाही आणि फिरले तर थांबत नाही, त्या परमेश्वरास वंदून, मागल्या चाकांच्या मोहिमेचे वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले असे.

कारण ऐसे की, गतवर्षी भाऊसाहेब आपल्या थोरल्या बहिणीस, म्हणजे ताईसाहेबांस, आणावयास मोटार घेऊन खासा स्टेशनावर गेले. ताईसाहेब उतारावर हात वर करोन उभ्या होत्या. भाऊसाहेबांनी ब्रेक दाबिला, परंतु मागले ब्रेकशू झिजोन पापुद्रा राहिले होते, सबब मोटार ताईसाहेबांसमोरून तशीच पुढे गेली. ताईसाहेबांस वाटले, भावाने तोंड चुकविले. त्या आल्या पावली परतल्या, आणि जो थांबत नाही त्याचे घरी आपण येत नाही, ऐसे जाहीर केले. वर्षभर मनधरणी जाहली, मग आज दुपारच्या आगगाडीने येणे त्यांनी कबूल केले.

सकाळीच अंगणात जॅक लागला, चाके उतरली, ज्यांस आतून शू घासोन चाक थांबते ते ड्रम ठोकून काढिले, नवे शू स्थानापन्न जाहले आणि ड्रम परत चढविले. पुढील काम नाजूक. मागील भोकातून स्क्रूड्रायव्हर घालोन आतील दातेरी चकती फिरवावी, शू ड्रमास भिडवावे, मग किंचित मागे घ्यावे, की ड्रम फिरता निसटता घासावा. भाऊसाहेब जमिनीवर आडवे जाहले. मधून ब्रेक दाबल्यावाचून शू जागेवर येत नाहीत, याकरिता पत्नी वहिनीसाहेब यांची नेमणूक पेडलावर जाहली. हुकूम सुटला, "दाब." वहिनीसाहेबांनी दाबिला. मग दुसरा हुकूम सुटला, "बस."

येथे घात जाहला. भाऊसाहेब ड्रम फिरवू गेले, तो तसूभर हलेना. शू फार भिडले ऐसे समजोन त्यांनी चकती सैल केली, आणि तरी हलेना, मग आणखी सैल केली, आणि दुसऱ्या बाजूसही तीच गत जाहली, आणि शू विकणाऱ्या दुकानदाराविषयी ते जे बोलले ते लिहिण्याजोगे नाही. आगगाडीची वेळ समीप आली. तेव्हा आतून वहिनीसाहेबांचा आवाज आला.

"अहो, पायात गोळा आलाय. अजून किती वेळ बसू?"

"बसायला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की. दाब म्हणालात, मग बस म्हणालात. मी दाबून बसलेय."

"अगं, बस म्हणजे पुरे."

"मग पुरे म्हणायला काय जीभ झिजते?"

 यावर भाऊसाहेबांनी 'बस' हा शब्द चाकरीतून बडतर्फ करोन त्याचे जागी 'सोड' नेमिला. वहिनीसाहेबांनी पाय उचलिला आणि ड्रम गरकन फिरला. दोहों बाजूंस नव्याने चकत्या सारिल्या, दोहोंकडे सारखेच घासू लागले, मग हँडब्रेकची तार ताणिली, चाके चढली, गल्लीत चार वेळा थांबून पाहिले, आणि तेलकट हातांनिशी कूच केले.

स्टेशनाच्या उतारावर ताईसाहेब उभ्या होत्या. हात वर केला नव्हता. भाऊसाहेबांनी ब्रेक दाबिला, आणि मोटार इकडे तिकडे न ओढली जाता, त्यांचे पुढ्यात जागच्या जागी उभी राहिली. ताईसाहेबांनी चाकांकडे पाहिले, मग भावाच्या काळ्या हातांकडे पाहिले, आणि फर्माविले, "डिकी उघड. दोन बॅगा आहेत."

दुसऱ्या बॅगेवरोन मुक्काम मोठा, हे सर्वांनी जाणिले. मोहीम फत्ते जाहली, हे येथे नमूद केले असे.