रांजणातला आवाज

यंदाचं नाताळ संमेलन परतूरच्या चर्चात भरणार आणि त्याला जालन्याची मंडळी येणार, असं पाळकसाहेबांनी उपासनेनंतर जाहीर केलं, आणि काकासाहेबांच्या अंगात वारं शिरलं.

१९८८ सालची गोष्ट. काकासाहेब नोकरीने गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर, पण जीव सगळा चर्चच्या बँडात. बँड म्हणजे काकासाहेबांचं गाणं, त्यांच्या बायकोची, पुष्पाबाईंची पेटी आणि साथीचा सूर, शमुवेलची गिटार आणि सुंदररावांचा ढोलक. ढोलक सुरू झाला की बाकीचे तिघे गातात की नुसती तोंडं हलवतात, हे मंडळीला कळत नसे. जालनेकरांकडे मात्र नवीकोरी साऊंड सिस्टीम होती. तशीच आपल्याला पाहिजे, असं काकासाहेबांनी सांगितलं. किंमत ऐकून पाळकसाहेबांनी डोळे मिटले. ते प्रार्थना करतायत असं वाटून सगळ्यांनीच मिटले.

वाट काढली ती स्टेशनाजवळ रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मच्छिंद्रने. बंद पडलेल्या तंबू टॉकीजचा अॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर त्याच्याकडे धूळ खात पडले होते. माइक सिनेमाची जाहिरात करत फिरणाऱ्या रिक्षाचा निघाला. अडलं फक्त स्पीकरच्या खोक्यांवर.

"लाकडाचा खर्चा कशाला करता?" मच्छिंद्र म्हणाला. "कुंभार पिंपळगावहून दोन रांजण आना. मातीत जो घुमारा हाय, तो सागवानात न्हाई."

काकासाहेब लगेच निघाले. गिऱ्हाइकं रांजण टिचकी मारून घेतात. काकासाहेबांनी प्रत्येक रांजणात तोंड घालून गीताची एकेक ओळ म्हटली आणि ज्यांनी चांगलं उत्तर दिलं ते दोन निवडले. परतीच्या एसटीत एक स्वतःच्या मांडीवर घेतला, दुसरा शेजाऱ्याच्या मांडीवर दिला. यात पाणी गार राहतं का, असं शेजाऱ्याने विचारलं. यात गाणं भरायचंय, असं काकासाहेबांनी सांगितलं. परतूर येईपर्यंत शेजारी पुन्हा बोलला नाही.

शनिवारी सगळे चर्चात जमले. रांजणांच्या तोंडांवर स्पीकर बसले, फटींत जुन्या गोधडीच्या चिंध्या कोंबल्या, मच्छिंद्रने बटण पिळलं. काकासाहेबांनी माइकवर नुसतं "हॅलो" म्हटलं आणि छपरावरची कबुतरं उडाली. शमुवेल नाचायलाच लागला. काकासाहेबांचे तर डोळे भरून आले.

मग सगळ्या बँडने गीत धरलं आणि दुसऱ्या ओळीला सगळेच थांबले. कुठेतरी काहीतरी बेसूर वाजत होतं.

मच्छिंद्रने वायरी तपासल्या, माइक झटकला. बेसूर तसाच. काकासाहेबांनी शमुवेलला गिटार खाली ठेवायला लावली. बेसूर गेला नाही. मग ढोलक बंद केला, त्यावर ढोलकाला कुठे सूर असतो, म्हणून सुंदरराव रुसून बाकावर जाऊन बसले. ढोलक गेल्यावर तर बेसूर जास्तच स्वच्छ ऐकू येऊ लागला. शेवटी पुष्पाबाईंनीही पेटी थांबवली, आपणही गप्प झाल्या. काकासाहेब डोळे मिटून एकटेच गात राहिले आणि दोन्ही रांजणांतून त्यांचाच आवाज, चालीच्या जरा खाली, लंगडत लंगडत त्यांच्याकडे परत आला.

त्यांनी डोळे उघडले. कुणीच वर बघत नव्हतं.

"मच्छिंद्र, मशीनमधी काही बिघाड हाय का?"

"मशीन बराबर हाय, काकासाहेब," मच्छिंद्र हळूच म्हणाला.

काकासाहेब बायकोकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"लग्नाच्या आधीपासून. आमच्या दारावरून गात जायचे तुम्ही, तवापासून."

"मंग बोलली का न्हाईस?"

"गाताना लई खुशीत असता तुम्ही," पुष्पाबाई म्हणाल्या. "अन् ढोलकात कुणाला ऐकू जात होतं?"

काकासाहेबांची नजर प्लगवर गेली, तेव्हा मच्छिंद्र त्याच्या आड उभा राहिला. मग त्यांनी पुष्पाबाईंना तेच गीत एकटीने गायला सांगितलं आणि स्वतः रांजणाला कान लावून बसले. ओळीच्या शेवटी तिचा सूर एक नाजूक वळण घेत होता. इतकी वर्षं शेजारी बसून ते त्यांना कधी ऐकूच आलं नव्हतं, कारण नेमके तिथेच ते सगळ्यात जोरात असायचे.

गीत संपल्यावर ते उठून मच्छिंद्रपाशी गेले. "बटनं दाखव मला. कोणतं काय करतं ते."

नाताळाला पुष्पाबाई गायल्या आणि काकासाहेब मशीनपाशी बसले. तिचा सूर हळू झाला की ते बटण अलगद वर घेत, ढोलक माजला की सुंदररावांना माइकपासून दूर सरकायची खूण करत. जालन्याची मंडळी शेवटच्या बाकापर्यंत स्तब्ध बसली होती. कार्यक्रम संपताच त्यांच्यातले एक म्हातारे गृहस्थ पुढे आले आणि रांजणांकडे बघत हा आवाज कुणाचा, म्हणून विचारू लागले. मच्छिंद्रने अभिमानाने काकासाहेबांकडे बोट केलं.

म्हाताऱ्याने काकासाहेबांचे दोन्ही हात धरले. "काय गोड आवाज हाय हो तुमचा. ईस्टरला जालन्याला यायचं. अन् आवाज तुमचाच पायजे."

शमुवेलला खोकला आला. पाळकसाहेब छपराकडे बघू लागले.

"येतो की," काकासाहेब म्हणाले. "पन गायला हिला बसवा. मी गायलो की आवाज बिघडतो."

एवढा गुणी माणूस आणि इतका नम्र, हे बघून जालन्याच्या म्हाताऱ्याला गहिवरून आलं.