'उंबर.वन' कसे गेले

बाळांनो, एका जंगलात, जिथे प्रत्येक ढोलीचे स्वतःचे संकेतस्थळ होते, तिथे आबाजी आणि गोदूबाई हे धनेश पक्ष्यांचे जोडपे राहत असे. त्यांच्या संकेतस्थळाचे नाव 'उंबर.वन'. आज कोणत्या झाडाला फळ पिकले आहे, हे त्यावर पाहूनच पाखरे घराबाहेर पडत. त्याची नोंद गोदूबाईंच्या नावे होती. लौकिक मात्र आबाजींचा होता.

धनेशांची एक रीत आहे. अंडी घालण्याची वेळ आली की मादी ढोलीत शिरून आतून तोंड लिंपून घेते. चोच मावेल एवढीच फट उरते. नर तिला त्या फटीतून फळे भरवतो. आबाजींच्या घराण्यात आणखी एक नियम होता: कोंडून घेतलेल्या बाईच्या कानी काळजीची गोष्ट घालायची नाही.

नेमके त्याच दिवसांत नोंदणी कचेरीचे पत्र आले. नावाची मुदत संपत होती. नूतनीकरण करणे आवश्यक होते.

"अहो, कुणाचं पत्र?" फटीतून प्रश्न आला.

"काही नाही गं. शुभेच्छा आहेत. तू उंबर खा."

अशा सात शुभेच्छा आल्या. मग मुदत संपली आणि एका माकडाने ते नाव घेतले. त्याने प्रत्येक झाडापुढे लिहिले, 'आज फळ नाही', आणि सगळी फळे स्वतः खाल्ली. उपाशी पाखरे आबाजींना तोंडावर लबाड म्हणू लागली.

आबाजी कचेरीत धावले. तिथे कासव अधिकारी होते.

"नाव परत मिळेल. मूळ नोंदधारकाने आठ दिवसांत समक्ष यावे."

"साहेब, ती झाडात बंद आहे हो!"

"मग झाड घेऊन या."

आठव्या दिवशी आबाजींनी फटीपाशी सगळे कबूल केले.

"सात पत्रं!" गोदूबाई कडाडल्या. "आणि मी आपली म्हणतेय, लोक किती चांगले! फोडू ही भिंत?"

आत पिल्लू चिवचिवले. झाडाखाली साप फिरत होता.

"राहू दे," आबाजी म्हणाले. नाव गेले.

यथावकाश गोदूबाई बाहेर आल्या. आत राहिलेल्या पिल्लाने, रीतीप्रमाणे, भिंत पुन्हा लिंपून घेतली. 'खरे-उंबर.वन' हे नवे नाव घ्यायचे ठरले. परंतु आबाजींवर गोदूबाईंचा विश्वास उरला नव्हता, आणि गोदूबाई पुढच्या वर्षी पुन्हा कोंडून घेणार होत्या. म्हणून नोंद पिल्लाच्या नावे झाली.

तिसऱ्या दिवशी पत्र आले: नोंदधारकाने त्वरित उत्तर द्यावे, अन्यथा नोंद रद्द होईल.

"आई, काय आलंय गं?" फटीतून प्रश्न आला.

गोदूबाईंनी आबाजींकडे पाहिले.

"काही नाही रे राजा. शुभेच्छा आहेत."

तात्पर्य : आपल्या माणसांना काळजीपासून सदैव जपावे. माकडांची त्यातच उत्तम सोय होते.