त्वचारोग विभागातील खाजमोजणी

माणूस खोटं बोलू शकतो; त्याची नखं खोटं बोलू शकत नाहीत. आमच्या सरकारी रुग्णालयाचं त्वचाविषयक धोरण याच चिरंतन सत्यावर उभं आहे.

शहाडपासून कुळगावपर्यंतच्या समस्त कातडीसाठी आमच्याकडे एक डॉक्टर, तोही फक्त मंगळवारी. गेल्या वर्षापर्यंत नंबर लागायला पाच महिने लागत. (तोवर एखाद्याची खरूज बरी होऊन शेजाऱ्याकडे राहायलाही गेलेली असे.) दुसरा डॉक्टर मागावा, अशी एक बालिश सूचना बैठकीत आली. ती इतिवृत्तात नोंदवून आम्ही चहा घेतला. मग अधीक्षक श्रीपादराव म्हणाले, "अहो, ज्याला जास्त त्रास, त्याला आधी आत सोडा. आणि त्रास मोजायला अक्कल कशाला लागते? तो किती खाजवतो ते मोजा!" माणूस आहे की कोण!

उल्हासनगरच्या बाजारातून नामजप मोजायची यंत्रं घाऊक आणली. बाकड्यासमोर प्रीतीताई (कंत्राटी) यंत्र घेऊन बसल्या. प्रत्येक रुग्णाचं पाच मिनिटं निरीक्षण. दहा वेळा खाजवल्यास याच मंगळवारी डॉक्टर; चार ते नऊ वेळा, पुढल्या महिन्यात; त्याखाली, दिवाळीनंतर. पाठ भिंतीला घासल्यास अर्धा गुण. बायकोकडून खाजवून घेतल्यास गुण नाही, कारण ती सेवा झाली. शून्य आल्यास 'तक्रार नाही' असा शिक्का, आणि नाव यादीतून कमी.

सरासरी प्रतीक्षा पाच महिन्यांवरून अकरा दिवसांवर आली. लोकही भराभर शिकले. अंबरनाथ पूर्वेचे एक गृहस्थ नुसती चामखीळ दाखवायला आले होते, पण पाच मिनिटांत एकोणतीस! याला म्हणतात लोकसहभाग.

अशात बारवीकडच्या पाड्यावरची चंद्री आली, नवरा चांगो याच्यासोबत. उजव्या मनगटावर फिकट चट्टा. चुलीपाशी तिथं भाजलं तरी बाईला पत्ता नाही. आता दोन बोटं वळत चालली होती, कोयता हातातून सुटत होता. पाड्यावर औषधं वाटणाऱ्या आशाताईंनी बजावून पाठवलं होतं, की वेळेत औषध मिळालं तर हात वाचेल.

चंद्री हात मांडीवर ठेवून बसून राहिली. चार मिनिटं झाली, यंत्रावर शून्य.

"खाजवा ना मावशी," प्रीतीताई कुजबुजल्या. (या नियमबाह्य मायेबद्दल त्यांना मेमो दिला आहे.)

"खाजत नाय वो ताई. तिथं कायच समजत नाय."

"अगं, मग खोटं खाजव!" चांगो वैतागला. "सगलीच खाजवतात. हात घालवायचाय का?"

चंद्री लाजली. मग डोळे मिटून तिनं खाजवायला सुरुवात केली. समजत नसल्यामुळे थांबायचं कधी, हेही तिला समजेना. सतराव्याला रक्त आलं.

सतरा! पण नियम आठ स्पष्ट आहे: रक्त दिसल्यास ती त्वचा नव्हे, जखम. तिला ड्रेसिंगच्या खोलीत पाठवलं. तिथं जखम बघून, चट्ट्यासकट कोपरापर्यंत पट्टी बांधली. आमच्या यादीत 'अन्य विभागाकडे वर्ग' अशी नोंद झाली आणि सरासरी दहा दिवसांवर उतरली. खोटं कशाला बोलू, तिला पट्टीकडे बघत जिना उतरताना पाहून मी यादी पुन्हा एकदा उघडली. पण आकडा चांगला होता हो.

दीड महिन्यानं जखम भरली तेव्हा चंद्री पुन्हा आली. बोटं पार आत वळली होती. ती मिटलेली मूठ तिनं प्रीतीताईंपुढे धरली आणि विचारलं, "आता तरी दिसतंय ना?" नियमाप्रमाणे पाच मिनिटं मोजलं. तिनं आता खाजवायला साफ नकार दिला. शून्य.

त्यामुळे येत्या मंगळवारची एक जागा रिकामी राहिली आहे. ती आम्ही आपल्याला दिली. हो, वाचक महाशय, आपल्यालाच! हे वाचायला घेतल्यापासून आपण मान, कान आणि कोपर मिळून किती वेळा खाजवलंत, ते आम्ही मोजलं आहे. सकाळी नऊला या. फार थांबावं लागणार नाही.