जेजियांगचा माणूस

सोमवार सकाळच्या मीटिंगमध्ये परीक्षित दामलेला डुलकी लागली आणि त्या डुलकीतच तो चीनचा तज्ज्ञ झाला.

स्टॅनमोरहून कॅनरी वॉर्फपर्यंत ज्युबिली लाइनच्या गाडीत बसून येताना त्याची झोप कधीच पुरी होत नसे. उरलेली तो मीटिंगमध्ये भागवायचा. २००५ सालचा ऑक्टोबर महिना होता. लंडनमधल्या प्रत्येक कंपनीला तेव्हा चीनचं वेड लागलं होतं आणि हॅरोबी अँड पील ही परीक्षितची सल्लागार कंपनी त्याला अपवाद नव्हती. त्याचे बॉस ग्रॅहम फळ्यासमोर उभे राहून विचारत होते, "चीनच्या जेजियांग प्रांताबद्दल इथे कोणाला काही माहिती आहे?"

नेमक्या त्याच क्षणी परीक्षितची मान खाली गेली, दचकून वर आली आणि पुन्हा खाली गेली.

"एक्सलंट!" ग्रॅहम म्हणाले. "पॅरीला माहिती आहे. मला वाटलंच होतं."

परीक्षित खडबडून जागा झाला. सगळे त्याच्याकडे पाहत होते. समोर बसलेला टिम गालात हसत होता. टिमच्या त्या हसण्यावर परीक्षितचा फार जुना राग होता. शिवाय नव्या वर्षात वर्क परमिट वाढवायचं होतं आणि त्यासाठीच्या पत्रावर ग्रॅहमची सही लागणार होती. "नाही, मी झोपलो होतो," हे खरं उत्तर अशा वेळी देणं शक्य नव्हतं.

"थोडीफार," परीक्षित म्हणाला.

त्या रात्री जेवताना त्याने बायकोला, आसावरीला सांगितलं, "मला जेजियांगवर बोलायचंय शुक्रवारी."

"जेजुरीवर? तुझ्या ऑफिसात?"

"जेजियांग, गं! चीनमध्ये आहे. शांघायच्या खाली."

"मग तुला काय माहिती त्यातलं?"

"माहिती काय, इंटरनेटवर असते."

ती असते, हे खरंच. चार दिवसांत परीक्षितने जेजियांग पाठ करून टाकला. त्या प्रांतात एकेका गावाने एकेक वस्तू धरली होती. एक गाव मोज्यांचं, एक बटणांचं, एक टायचं. वेन्चौला लायटर बनायचे, यीवूला जगातल्या सगळ्या किरकोळ वस्तूंचा बाजार भरायचा आणि निंगबोच्या बंदरातून हे सगळं बोटीत चढायचं. शुक्रवारी त्याने हे सगळं नकाशासकट सांगितलं. मग टिमला उभं करून म्हणाला, "तुझा टाय, तुझे मोजे, तुझ्या शर्टची बटणं. टिम, तू जवळजवळ सगळाच जेजियांगचा आहेस." हशा पिकला. टिम तेवढा न हसता खाली बसला.

एवढ्यावर थांबला असता तर परीक्षित सुखी झाला असता. पण लोकांनी ऐकून घ्यायला सुरुवात केली की थांबता येत नाही. वेम्बलीला ईलिंग रोडवर भाजी आणायला गेला तरी तो दुकानातला पोळपाट उलटा करून बघायचा आणि गुजराती दुकानदाराला "हा यीवूचा!" असं सुनावायचा. दुकानदार विचारायचा, "लेना है के नहीं?" महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात त्याने आकाशकंदिलाखाली उभं राहून आकाशकंदील कुठल्या गावाहून आला असावा यावर वीस जणांना ताटकळत ठेवलं. फराळ थंड होत नाही म्हणून बरं.

आसावरी ऐकून घ्यायची. ती इचलकरंजीची. वडिलांचे यंत्रमाग, घरात दिवसरात्र खडखडाट. तिने टेक्स्टाइलचा डिप्लोमा केला होता आणि वर्षभर लंडनमध्ये नोकरी शोधत होती. 'इथला अनुभव नाही' असं कळवून सगळ्यांनी नम्रपणे नाही म्हटलं होतं. त्यात हॅरोबी अँड पीलही होती.

"बाबांकडचे मागही हल्ली..." ती एकदा सांगायला गेली.

"आसावरी, मी ग्लोबल लेव्हलवर बोलतोय," परीक्षित म्हणाला. ती भांडी घासायला गेली.

डिसेंबरच्या सुरुवातीला कंपनीच्या पत्रिकेत परीक्षितचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'पॅरी मूळचा त्याच भागातला.' परीक्षितने ग्रॅहमना गाठलं. "मी पुण्याचा आहे."

"तेच ते," ग्रॅहम म्हणाले. "आणि एक आनंदाची बातमी. जेजियांगचे मिस्टर लौ येताहेत. मोठे कारखानदार. त्यांना इथे सल्लागार हवेत. शनिवारी जेवण तुझ्या घरी ठेवू. त्यांना घरच्यासारखं वाटेल."

"माझ्या घरी?"

"भात तर तुम्ही खाताच ना?"

आसावरीला हे सांगताना परीक्षितने बाथरूमचं दार आतून लावून घेतलं होतं.

"काय करू जेवायला?" ती बाहेरून ओरडली.

"गोबी मंचुरियन कर! त्यांना आवडेल!"

"अरे, ते आपल्याकडेच खातात. चीनमध्ये कोणी खात नाही."

"चीनबद्दल तू मला सांगू नकोस!"

आसावरीने मंचुरियन केलं. पण हा माणूस सांगतोय ते बरोबर निघेलच असं नाही, हा तिचा लग्नापासूनचा अनुभव होता. म्हणून आत ओट्यावर पिठलं आणि भाकरीही करून ठेवली.

शनिवारी संध्याकाळी ग्रॅहम वाइन घेऊन आले. टिम रिकाम्या हाताने आला. मिस्टर लौ साठीतले, बुटके, शांत गृहस्थ होते. दुभाषी म्हणून त्यांच्याबरोबर मिस चौ नावाची मुलगी होती. ती ब्रिस्टलला विमानांचं इंजिनिअरिंग शिकत होती आणि सुट्टीत चार पैसे मिळावेत म्हणून आली होती. तिलाही ग्रॅहमनीच शोधलं होतं, चिनी आहे म्हणून.

परीक्षितने मोज्यांच्या गावापासून सुरुवात केली. मिस चौ भाषांतर करत होती. मिस्टर लौ मान डोलवत होते. त्यांना जेजियांगमध्ये जेजियांग आहे हे ऐकून काही विशेष वाटत नसावं. मधूनच ते काहीतरी बोलायचे आणि मिस चौच्या कपाळावर आठी पडायची.

परीक्षित पाणी आणायला आत गेला तेव्हा ती मागोमाग आली. "सॉरी," ती कुजबुजली. "मी हार्बिनची आहे. पार उत्तरेला. हे मध्येच त्यांच्या गावचं बोलतात, ते मला अर्धंच कळतं. उरलेलं मी अंदाजाने सांगते."

"मग मी जे सांगतोय ते?"

"ते मला अजिबातच माहिती नव्हतं. मी जेजियांगला कधी गेलेच नाही. तुम्ही?"

परीक्षितने पाण्याचा जग भरला. "चला, जेवायला बसू," तो म्हणाला.

मंचुरियन टेबलावर आलं. मिस्टर लौंनी ते चमच्याने उलटंपालटं केलं आणि मिस चौला काहीतरी विचारलं.

"हे काय आहे, असं विचारताहेत," ती म्हणाली.

"मंचुरियन!" परीक्षित उत्साहाने म्हणाला. "तुमच्या मांचुरियाचं!"

"माझं गाव मांचुरियातच आहे," मिस चौ म्हणाली. "हे मी पहिल्यांदाच बघतेय."

टिमला ठसका लागला. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं, आतून लसणीच्या फोडणीचा वास आला आणि मिस्टर लौंनी चमचा खाली ठेवला. ते खुर्चीत सरळ बसले.

"पिठलं?" ते म्हणाले.

दारात उभ्या असलेल्या आसावरीच्या हातातला पापड तसाच राहिला.

"पिठलं हाय का, वैनी?"

"आहे की! तुम्हाला... तुम्हाला कसं माहिती?"

"इचलकरंजी!" मिस्टर लौ छातीवर हात ठेवून म्हणाले. "चार वर्सं. मी मागाचे पार्ट इकतो. खानावळ. रोज पिठलं. लई भारी!"

"अय्या, माझं माहेर!" आसावरी किंचाळलीच. "कुठल्या पेठेत? कुणाच्या कारखान्यात?"

पुढचा अर्धा तास त्या घरात दुसऱ्या कुणाला वावच राहिला नाही. मिस्टर लौ पिठलं-भाकरी खात होते आणि मोडक्या मराठीत सूत, सुताला खळ लावायचं सायझिंग, वीजकपात, कोणता कारखानदार वेळेवर माल उचलतो आणि कोणता फोन उचलत नाही, हे सांगत होते. आसावरी त्यांच्या बरोबरीने बोलत होती. जुने माग चीनहून आणलेल्या भागांवर कसे चालतात, कोणता भाग टिकतो, कोणता महिन्यात झिजतो. आपली बायको इतकं बोलते हे परीक्षितला ठाऊक नव्हतं. आपण ऐकलंच नव्हतं कधी, हेही त्याला आत्ताच कळत होतं आणि ते त्याला मुळीच आवडत नव्हतं.

मिस्टर लौ त्याच्याकडे वळले. "सायेब, तुमचं गाव?"

"पुणे."

"हां. मालेगावात काय बनतं? भिवंडीत? सोलापुरात?"

परीक्षितला बटणांचं गाव आठवलं, टायचं आठवलं, लायटरचंही आठवलं. "नागपूरला संत्री..." तो म्हणाला.

"संत्री उगवतं," मिस्टर लौ गंभीरपणे म्हणाले. "बनत नाय."

ग्रॅहम भारावून गेले होते. त्यांनी मिस चौला हळूच विचारलं, "काय बोलताहेत?"

"मला कळत नाही," तिने प्रामाणिकपणे सांगितलं. "त्यांच्या गावची भाषा असणार. पण मॅडम फारच सहज बोलतात."

"अनबिलीव्हेबल! पॅरी, तू हे आमच्यापासून लपवून ठेवलंस?"

"ग्रॅहम, ती मराठी बोलतेय," परीक्षित कळवळून म्हणाला. "ती माझी भाषा आहे!"

"तुझी भाषा?" ग्रॅहमनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मग तू मघापासून गप्प का होतास?"

परीक्षितने मंचुरियनची वाटी स्वतःकडे ओढली.

निघताना मिस्टर लौंनी कोट चढवला, आसावरीला वाकून नमस्कार केला आणि मिस चौकडून ग्रॅहमना स्पष्ट शब्दांत कळवलं, की या वैनी असतील तर काम देतो. हे वाक्य मात्र मिस चौला पूर्ण कळलं.

सोमवारी ग्रॅहमनी आसावरीला बोलावून घेतलं. ती आधीच स्पष्ट बोलली. "मला चिनी येत नाही. आम्ही मराठी बोलत होतो. मला यंत्रमाग कळतात, टेक्स्टाइलचा डिप्लोमा आहे. तुमच्याकडे अर्ज केला होता, तुम्ही नाही म्हणालात."

"किती विनम्र!" ग्रॅहम म्हणाले. "हे पूर्वेकडच्या लोकांनाच जमतं."

तिने हेच आणखी एकदा सांगून पाहिलं. मग आपलं काम संपलं असं समजून तिने नोकरी घेतली. चीन विभागाची प्रमुख म्हणून. परीक्षित तिच्या हाताखाली गेला. त्याचं वर्क परमिट वाढलं आणि पत्रावर ग्रॅहमच्या सहीशेजारी 'लाइन मॅनेजर' म्हणून तिची सही होती. मिस्टर लौंचं काम उत्तम चाललं, कारण ते खरोखरच मागांच्या भागांचं काम होतं. ते आसावरीला कळत होतं आणि बाकी कुणाला कळत नव्हतं हे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

उन्हाळ्यात कंपनीने भारत विभागही काढला. त्याचा प्रमुख टिम झाला. तो दोनदा गोव्याला जाऊन आला होता.

त्याच्या पहिल्या भाषणाला नवरा-बायको शेजारी शेजारी बसले होते. टिमने फळ्यावर नकाशा लावला, पुण्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे समुद्रकिनाऱ्यावरचं एक शांत, निवांत शहर. इथला मुख्य धंदा मासेमारी."

परीक्षित ताडकन उभा राहिला. "एक मिनिट!"

"पॅरी," ग्रॅहम समजुतीने म्हणाले, "तू चीनचा माणूस. भारताचं टिमवर सोड."

"पण मासेमारी? पुण्यात?" परीक्षित आसावरीकडे वळून मराठीत ओरडला. "अगं, तू तरी सांग ना यांना! मी काय मूर्ख आहे का?"

आसावरीने त्याचा कोट धरून त्याला खाली बसवलं.

"हळू बोल," ती पुटपुटली. "ग्रॅहमना वाटेल, आपलं चिनीत भांडण चाललंय."