बिनएक्सलची गाडी मटणाच्या रांगेत

"एक्सल बदलायला मिस्त्री कशाला लागतोय? चार पाने, एक जॅक आणि दोन हात. झालं काम!" असं मी शनिवारी जेवताना घरात जाहीर केलं.

आक्कानं, म्हंजे माझ्या आईनं, भाकरीचा तुकडा हातातच धरून इचारलं, "पाने हायत?"

पाने शेजारच्या भाऊसोंचे. जॅकपण त्यांचाच. पण हात माझे हुते, आणि माझा भरवसा त्यांच्यावरच हुता.

आता गोष्ट पयल्यापासनं सांगतो, न्हाईतर तुमी मला लगेच येड्यात काढचिला. आमची पांढरी गाडी सतरा वर्षांची हाय. इंजिन पुढची चाकं ओढतंय आणि मागची चाकं पावण्यासारखी नुसती मागनं येत्यात. ह्याच गाडीतनं मी वर्षाराणीला लगीन करून कागलहून आणलं. ह्याच गाडीच्या मागच्या शिटावरनं आमची तेजस्वी दवाखान्यातनं घरी आली, तीन दिवसांची. तर ह्या गाडीच्या उजव्या पुढच्या चाकातनं म्हयनाभर कट-कट-कट असा आवाज यायला लागलाता.

वर्षाराणीला त्या आवाजाची लाज वाटायची. "माझ्या माहेरच्या गल्लीत शिरलं की म्हाताऱ्या दारात येऊन उभ्या ऱ्हात्यात," ती म्हणायची. "तोंड दिसायच्या आधीच म्हणत्यात, वर्षी आली."

तिचा भाऊ राजवर्धन कागलात वीस म्हशी पाळतोय. त्यानं आवाज ऐकला आणि मला म्हणाला, "दाजी, ही मला द्या. मागची शिटं काढून दुधाची कॅनं टाकतो. डेअरीपतोर चालंल की."

मी हसलो. पण वर्षाराणी हसली न्हाय. ती म्हणाली, "रविवारी बाराला तो जेवाय येतोय. तवर आवाज गेला तर गाडी आपली. न्हाई गेला, तर जाताना चावी त्याच्या हातात."

माझी लेक ज्या शिटावर आली तिथं दुधाची कॅनं! 

मग मी मोबाईलवर व्हिडिओ बघितले. वळताना कट-कट वाजलं की एक्सल गेला, हे सगळ्यांचं एकमत. इंजिनचा जोर चाकापतोर नेणारा लोखंडी दांडा म्हंजे एक्सल. डाव्या चाकाला एक, उजव्याला एक. व्हिडिओतला माणूस परदेशातला. त्याची भाषा कळली न्हाय, पण हात कळले. मी लगेच जाऊन जुन्या बाजारातनं दोन एक्सल उचलून आणले.

भाऊसो कठड्यावर बसून बघत हुते. वारणानगरला कारखान्याच्या गाड्या दुरुस्त करण्यात त्यांची तीस वर्षं गेली. ते म्हणाले, "आवाज एका चाकात आणि दोन एक्सल कशाला रं?"

"भाऊसो, बैल कवा एक बदलत्यात काय? जोडी बदलायची."

"बैल बदलायच्या आधी तो लंगडतोय का ते बघत्यात. चाक उचल, हातानं फिरवून ऐक आधी."

तीस वर्षांच्या अनुभवापुढं मी गप बसायला पायजे हुतं. पण मी तीन व्हिडिओ बघितलंते.

रविवारी सकाळी आठला वर्षाराणीनं माझ्या हातात पिशवी दिली. "आधी मटण. दोन किलो. रांग वाढायच्या आत जावा. मग काय ते गाडीचं करा."

"तासाभराचं काम हाय. ते उरकतो आणि जातो," म्हणून मी पिशवी गाडीच्या आरशाला अडकवली आणि कामाला लागलो.

रोज मागच्या चाकाला जी वीट लावतो ती घेतली, कारण जॅक जरा बुटका पडत हुता. विटंवर जॅक, जॅकवर गाडी. चाकांच्या टोप्या उचकटल्या. आक्का दारात बसलीती, तिनं उजव्या चाकाची टोपी माझ्या हातातनं जवळजवळ हिसकावूनच घेतली आणि पदराखाली धरली. म्हातारीला गाडीची माया, असं मला वाटलं. चाकं काढली, पयला एक्सल धरला आणि जोर लावून उपसला.

गिअरबॉक्समधनं काळं तेल भडाभडा माझ्या छातीवर! परदेशातल्या माणसानं ते आधी काढून घेतलं हुतं. व्हिडिओतला तो भाग मी पुढं ढकललाता. हाताला लागलं ते भांडं खाली धरलं. ती वर्षाराणीची भाकरीचं पीठ मळायची परात हुती, हे मला नंतर कळलं, आणि गल्लीला माझ्याबरोबरच कळलं.

दहाच्या सुमाराला दोन्ही जुने एक्सल बाहेर. ते भिंतीला टेकवून ठेवले. शेजारी नवे ठेवले आणि बघतच बसलो. जुन्यातला एक लांब, एक आखूड. नवे दोन्ही आखूड.

"दोन्ही डावे हायत," भाऊसो कठड्यावरनं म्हणाले.

मी दुकानात जाऊन 'जोडी द्या' म्हटलंतं. त्यानं बिचाऱ्यानं एकसारखे दोन बघून दिले. त्याचं काय चुकलं?

एक एक्सल बदलून आणायला पायजे हुता. तेवढ्यात भाऊसोंच्या जावयाची गाडी पंक्चर झाल्याचा फोन आला आणि त्यांना जॅक लागला. मी चाकं परत बसवली, गाडी खाली घेतली, जॅक दिला. जॅकखालची वीटपण त्याच्याबरोबर गेली. जावई जॅक घेऊन गेला, भाऊसो आपली पिशवी घेऊन मटणाला गेले.

आमच्या गाडीचा हँडब्रेक घरजावयासारखा, नुसता बसून असतोय. म्हणून एरवी करतो तेच मी केलं. गाडी पयल्या गिअरात टाकली आणि निर्धास्त झालो.

तेवढ्यात राजवर्धनचा फोन. "दाजी, एस्टीत बसलोय. जाताना गाडी घेऊनच जायची, म्हणून मोटरसायकल आणली न्हाय. ओढून न्यायला दोरी घेतलीया."

मी बॉनेटवर हात ठेवून रेलून उभा हुतो. म्हटलं, "दोरीनं म्हशी बांध. ही गाडी माझ्या दारातनं हलणार न्हाय."

आणि माझा हात खाली पडला, कारण त्याच्याखाली बॉनेट न्हवतं.

गिअर चाकाला धरून ठेवतोय तो एक्सलमधनं. आणि एक्सल चारच्या चार भिंतीला टेकून माझ्याकडं बघत हुते.

आमच्या गल्लीला उतार हाय. उताराच्या तळाला मटणाचं दुकान, आणि रविवारी दहाला तिथं चाळीस माणसांची रांग. गाडी मागच्या अंगानं, सावकाश, पण ठाम निघाली. मी मागनं पळतोय, छातीवर काळं तेल, हातात फोन, आणि वरडतोय, "सरका! सरका!"

कोल्हापुरात रविवारी मटणाच्या रांगेतल्या माणसाला तुमी 'सरका' म्हणून बघा एकदा. एकाचाबी पाय उचलला न्हाय. उलट एकजण दम देऊन म्हणाला, "ओ पावणं, रांग मागनं हाय."

"ब्रेक न्हाय तिला!"

"मग काय झालं? आमी साडेआठपासनं हाय."

पाच-सहा माणसांनी पिशवी डाव्या हातात घेतली, उजवा हात डिकीला लावला, आणि गाडी थांबवली. रांग मोडली न्हाय. त्यातला एक हात भाऊसोंचा हुता.

"गिअरात टाकलीतीस?" त्यांनी मला इचारलं. मी मान हलवली. 

"जरा वर ढकलू लागा की," मी हात जोडले.

"लागतो की. मटण घेतल्यावर," चारपाच आवाज एकदम आले.

मग रांग पुढं सरकली. हात लावणारी माणसं सरकली, म्हंजे गाडीपण तेवढीच सरकली. मागनं एकजण तक्रार करायला लागला की ही गाडी मधीच घुसलीया. त्यावर फेटेवाल्या एका म्हाताऱ्यानं निकाल दिला, "गाडी रांगंत आली, रांगंतच थांबली. म्हंजे तिचा नंबर हाय." कुणीच हरकत घेतली न्हाय. एक गिऱ्हाईक झालं की गाडी दोन फूट. मी शिटावर एक हात, स्टेअरिंगवर एक हात, असा तिच्याबरोबर चालत दुकानाच्या फळीपतोर गेलो.

खाटकानं गाडीकडं बघितलं, माझ्या छातीकडं बघितलं, आणि सुरी पुसत म्हणाला, "किती?"

पिशवी आरशालाच हुती. म्हटलं, "दोन किलो."

त्याच वेळी मागनं आवाज आला, "दाजी, गाडीनं मटण आणायला शिकलासा व्हय?" राजवर्धन. खांद्यावर दोरी.

ज्यांचं मटण घेऊन झालंतं ती माणसं शब्दाला जागली. पिशव्या बॉनेटवर ठेवून आठ-दहा जणांनी गाडी दारात आणून दिली. राजवर्धन ढकलताना सारखी शिटं बघत हुता. मला ते सोसंना.

"भाऊसो," मी म्हटलं, "वाचवा."

भाऊसोंनी आधी जावयाकडनं जॅक आणि वीट मागवली. वीट मागच्या चाकाला लावली आणि माझ्याकडं बघितलं. मग जुने एक्सल मांडीवर घेऊन, डॉक्टर नाडी बघतोय तसं, फिरवून बघितले. "ह्यांना काय धाड भरलीया? हे माझ्यापरास धडधाकट हायत," म्हणाले आणि काढलेले दोन्ही एक्सल हुते तिथंच परत बसवले. नवं तेल घातलं. तासाभरात गाडी खाली. टोप्या लावायच्या ऱ्हायल्या, कारण बारा वाजलंते.

राजवर्धन शेजारी बसला. गल्लीतनं खाली, वळण, परत वर. मी काच खाली करून ऐकत हुतो. आवाज न्हाय! दुसरी चक्कर मारली. तरी न्हाय. भाऊसोंनी डोकं खाजवलं, मी मिशीवर ताव दिला.

"हाताचा गुण असतोय एकेकाच्या," मी वर्षाराणीला ऐकू जाईल असं म्हटलं.

ती दारात आली. "बोलल्याप्रमाणं गाडी आपली," म्हणाली, आणि जरा हसलीसुद्धा. "परात मात्र नवी आणायची."

मला अगदी भरून आलं. तांबडा रस्सा तीनदा घेतला. राजवर्धननं दोरी गुंडाळून ठेवली. जेवणं झाली आणि त्याला कागलला सोडायला आमी समदे निघालो. आक्कानं तेवढ्यात चाकांच्या टोप्या आणल्या आणि स्वतःच्या हातानं, बुक्की मारून मारून, घट्ट बसवल्या.

गल्लीच्या तोंडाला गाडी वळली.

कट-कट-कट.

मी गाडी थांबवली. राजवर्धन शांतपणे खाली उतरला, उजव्या चाकाची टोपी उचकटली आणि आत बघितलं. आतल्या बाजूला दोऱ्यानं बांधलेलं एक काळं पुडकं सैल होऊन लोंबत हुतं. त्यात कवडी, बिब्बा आणि लोखंडी खिळा.

"आक्का, हे काय?" मी इचारलं.

आक्कानं राजवर्धनकडं बोट केलं. "गेल्या म्हयन्यात ह्यो आलता. गाडीवरनं हात फिरवून म्हणाला, लई भारी ठेवलीया. नजर लागू ने म्हणून मी बांधलं."

राजवर्धन आपल्याच नजरेवरचा उतारा तळहातावर घेऊन उभा हुता. "मग दाजी," तो म्हणाला, "एक्सल कशाला काढलासा?"

मी त्याच्या हातातलं पुडकं घ्यायला हात पुढं केला. "टाकून देतो. आवाजाचं मूळच गेलं."

"खबरदार टाकशील तर," आक्का मागच्या शिटावरनं म्हणाली. "तो दोरी घेऊन आलता, आणि गाडी घरातच ऱ्हायली. गुण आला न्हवं?"

वर्षाराणीच म्हणाली, "बांधा परत." पुडकं परत टोपीत गेलं. आता आमी कागलला गेलो की म्हाताऱ्या पयल्यासारख्याच दारात येत्यात, म्हणत्यात, वर्षी आली. आणि माझ्या माळ्यावर दोन एक्सल पडून हायत, दोन्ही डावे. कुणाची गाडी दोन्हीकडनं डावी असंल तर कळवा.